साहेब, मत घ्या, हात नको!

आमचे डॉक्टर खासदार होऊन दिल्लीला गेले, पण त्यांचे किस्से मलकापुरातच राहिले. एक सांगायला घ्यावा तर दुसरा पेशंटसारखा दारात उभा! मी त्यांच्याकडं सिस्टर होते, अजूनही त्याच दवाखान्यात आहे. म्हणून लोक मलाच विचारतात.

*

डॉक्टरांना प्रचाराची सवय नव्हती. कुणी हात पुढं केला की यांची बोटं सरळ मनगटावर! कसबा बावड्यात एका पैलवानाचा हात धरला, तो सोडेचनात.

"पावणं, आजच्या आज हृदय तपासून घ्या."

पैलवान मोठ्यानं हसला. "मला काय धाड भरलीया?"

मतदानाच्या आधीच तो गेला. कुस्ती बघता बघता, बसल्या जागी.

पुढच्या गावात माणसं लांबूनच हात जोडायला लागली. "साहेब, मत तुम्हालाच! पण हात नको!"

*

निवडून आल्यावर मिरवणूक निघाली. गुलाल, फटाके, कानठळ्या बसवणारी हलगी. मधेच डॉक्टर जीपमध्ये उभे राहिले. "थांबवा सगळं!"

समोर एक बंद घर होतं. "आत कुणीतरी कण्हतंय."

पोरांनी दार मोडलं. आत एक म्हातारी पडली होती, खुब्याचं हाड मोडून. तिला दवाखान्यात हलवलं.

हलगीवाला डोळे फाडून बघत राहिला. "साहेब, मला माझी हलगी ऐकू येत न्हवती. तुमाला कण्हणं कसं आलं ओ?"

डॉक्टरांनी जीप पुढं घ्यायला लावली. नंतर हलगी कुणी वाजवलीच नाही.

*

दिल्लीत एकदा ते भाषणाला उभे राहिले. मागून खोकला आला. त्यांनी ओळखला. आमच्या आप्पांचा! आप्पा म्हणजे डॉक्टरांचे सगळ्यात जुने पेशंट. वळून बघितलं तर मागचा बाक रिकामा.

भाषण सोडून ते बाहेर आले आणि मला फोन केला. "सिस्टर, आप्पा कसे आहेत?"

"आप्पा गेले, डॉक्टर." आम्ही नुकतेच आप्पांच्या मातीहून परतलो होतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'पहिल्याच भाषणात खासदार गडबडले!'

*

आता हा शेवटचा. सांगताना अजून अंगावर काटा येतो.

भर दुपार. नवे डॉक्टर जेवायला गेलेले. दवाखान्यातला जुना लँडलाइन खणखणला. दिल्लीहून डॉक्टर! "सिस्टर, आधी मागच्या खोलीत पळा! शांतामावशींचा श्वास अडकलाय!"

शांतामावशी आमच्याकडं झाडलोट करतात. दम्याच्या पेशंट. धावत गेले तर त्या फरशीवर, ओठ निळे पडलेले. ऑक्सिजन लावला, वाफ दिली. हळूहळू रंग परतला. डोळे उघडून म्हणाल्या, "मला हाकबी मारता येईना, बाई."

मी टेबलावर तसाच टाकलेला रिसीव्हर उचलला. "वाचल्या, डॉक्टर! पण तुम्हाला कळलं कसं?"

"कसं म्हणजे? तुम्हीच आत्ता मोबाईलवरनं सांगितलं की! रडत होतात तुम्ही. मधेच कट झाला, म्हणून इकडं लावला."

माझा मोबाईल सकाळीच दुरुस्तीला टाकला होता. नवे डॉक्टर आल्यावर मी तशीच दुकानात गेले. "माझ्या फोनवरनं कुणी कॉल केला?"

दुकानदारानं मान वर केली. "काय चेष्टा करताय, सिस्टर? बॅटरी तर हितं टेबलावर हाय की!"