लाल दगड

सन सत्तावनला आमची कंपनी गाझाच्या हद्दीवर शांतिसेनेत होती. मी नायक होतो, दहा जवानांचा सेक्शन कमांडर. काम एकच, पेट्रोलिंग. सहाला निघायचं, अकराला परत, तीनला पुन्हा. चार महिने हेच. लढाई नाही, काही नाही, नुसती वाळू. माणूस नुसता चालून चालून किती विटतो, हे सिव्हिलियन लोकांना सांगून पटत नाही.

आधीच्या लढाईतले सुरुंग तिथं तसेच पुरलेले होते. अशा जागेवर खूण म्हणून लाल रंग फासलेले दगड ठेवत. नवा जवान आला की पहिल्याच दिवशी हे त्याला सांगायचं. ते काम माझं.

एका दुपारी किसन आला. तो मेडशीचा, मी अनसिंगचा, दोघं एकाच मुलखातले. इतक्या महिन्यांनी आपली बोली कानावर पडली आणि जीव हरखला. तुरी कशा हायेत, पाणी कसं हाये, हेच बोलत बसलो. दगडांचं राहिलं. थकलो होतो. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी उठलो तसा निघालो, अन् तेही राहिलं.

सात वीसला हॉल्ट झाला. मी बुटातली वाळू झाडत होतो. किसन बाटली घेऊन उजवीकडं चालला होता.

"किसन, कुठं?"

"देव हाये ना तिथं, उस्ताद. पाणी घालून येतो."

वर पाहिलं. लाल दगड. आपल्याकडं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, शेंदूर फासलेला देव असतो, अगदी तसाच.

"थांब! हलू नको!"

हुकूम ऐकून तो थांबला. पण एक पाय उचललेला होता, तो त्यानं खाली टेकवला.

वायरलेसवर मीच बोललो. "एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"जिवंत आहे? ओव्हर."

"नाही."

चौकशीत साहेबांनी विचारलं, दगडांचं सांगितलं होतं का? मी म्हणालो, होय साहेब. खोटं बोललो. नोकरी जाईल म्हणून भ्यालो.

रजेवर आलो आणि मेडशीला गेलो. किसनची माय वावरात होती. धुऱ्यावरच्या शेंदराच्या दगडाला पाणी घालून माझ्याकडं आली.

"सुरुंगात गेला म्हणतात. तिकडं काहून गेला तो, बापू?"

"लाल दगड होता, माय. त्याले देव वाटला."

ती मटकन खाली बसली. "मीच शिकवलं रे त्याले. शेंदराचा दगड दिसला का पाणी घातल्याबिगर जाऊ नको म्हणून. मीच मारलं लेकराले."

खरं म्हणजे मी गप्पच राहायचं ठरवून आलो होतो.

"नाही माय. तो दगड कायचा हाये, हे त्याले सांगायचं काम माह्यं होतं. मी सांगतलं नाही. साहेबाले सांगतलं होतं म्हणून खोटं बोललो."

ती उठली, तांब्या माझ्या हातात दिला.

"त्याच्या नावानं घाल."

दगड दहा पावलांवर होता. माझा पाय उचलेना. शेवटी तिनंच माझं मनगट धरलं आणि मला तिथवर नेलं.

ती जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दर वर्षी किसनच्या नावानं तिथं पाणी घालायला मी जातो. दहा पावलं राहिली की पाय अजून थांबतो.