आत्याचं ‘अवरोधित करा’

आमच्या आत्याला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही. ती ‘बघू’ म्हणते. दारावर झाडू विकणारा आला तरी बघू, शेजारीण शिलाई मशीन उसनं मागायला आली तरी बघू. झाडूवाला बिचारा पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर होतो, कारण बघू म्हणजे नाही, हे त्याला कोण सांगणार? मला असलं गुळमुळीत बोलणं जमत नाही. मी फटकळ बाई आहे; तोंडावर नाही म्हणते आणि वर दोन शब्द जास्तीचे ऐकवते. म्हणूनच बहुतेक आमच्या दोघींचं इतकं छान जमतं.

आत्या शिवणकाम करते. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत कापायचं लांब टेबल, पायानं चालवायचं मशीन, जड इस्त्री आणि जमिनीवर कायम दोऱ्यांची पिल्लं. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, कोटाचे मास्तर. हात असा की लोक लांबून यायचे. पण त्या कोटांमध्ये आत्याचा वाटा किती? काजं करायची, बटणं लावायची, अस्तर टाचायचं. कापडाला कात्री लावायची नाही आणि बाही तर चढवायचीच नाही. “ते तुझं काम नाही,” काका म्हणायचे, की विषय संपला. उभा जन्म बाईनं दुसऱ्याच्या कोटाला बटणं लावण्यात घातला. मला विचाराल तर तेव्हाच कडाडून भांडायला हवं होतं, पण आत्या बघूसुद्धा म्हणाली नाही, गप्प बसली.

काका गेले, त्यांचं दुकान बंद झालं. आत्या घरातच पँट आखूड करून दे, चेन बदलून दे, असली किरकोळ कामं करू लागली. मग तिच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, आपला जुना कॉम्प्युटर तिला आणून दिला. दादा दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर असतो. व्हिडिओ कॉलवर आईचं तोंड दिसावं, एवढाच त्याचा हेतू. आत्यानं मात्र त्यात एक म्हातारा शिंपी शोधून काढला. कुठल्याशा परक्या देशातला, स्वतःच्या साइटवर कोट शिवायला शिकवणारा. त्याची भाषा हिला ओ की ठो कळत नाही, पण हात कळतात. त्याची सुई कापडात कुठे शिरते आणि कुठे निघते, ते ही डोळ्यांत प्राण आणून बघते.

वर्षभर ती जुन्या चादरींवर हात बसवत होती. आणि एक दिवस तिनं खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा कोट शिवायला घेतला. खरा कोट, खऱ्या लोकरी कापडाचा.

“जमेल?” मी विचारलं.

“जमेल,” ती म्हणाली. बघू म्हणाली नाही!

कोट छान होत आला आणि बाह्यांपाशी अडला. बाही चढवणं म्हणजे कोटाची खरी परीक्षा. खांद्यावर एक चुणी पडली तरी मास्तर तोंड लपवतो. आत्या दोन्ही हातांत कापड धरून म्हाताऱ्याच्या बोटांकडे बघत असायची, आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर धाडकन काहीतरी येऊन बसायचं. गुडघेदुखीचं तेल. ‘अभिनंदन, आपण भाग्यवान विजेते!’ ‘आपल्या परिसरातील एकाकी विधुर आपली वाट पाहत आहेत.’ हातातली सुई खोचून ती फुली दाबायला जायची, तर ती फुली खोटी निघायची आणि आणखी तीन खिडक्या उघडायच्या. तोवर कापड सरकलेलं आणि म्हातारा पुढे गेलेला.

आणि मग तो भोंगा वाजला. पडदा लालभडक, ‘तुमच्या संगणकात विषाणू, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा!’ आत्यानं घाबरून खरोखरच फोन लावला. पलीकडचा भामटा गोड बोलत तिच्याकडून एकेक बटण दाबून घेऊ लागला. तेवढ्यात दादाचा रोजचा फोन आला म्हणून वाचली. दादानं सगळं ऐकलं आणि फर्मान काढलं, “रविवारी येतो आणि कॉम्प्युटर घेऊन जातो. हे लचांड तुला हवंय कशाला? आणि तो कोट देऊन टाक कुणा चांगल्या शिंप्याला.”

चांगल्या शिंप्याला! आत्यानं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला होता की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कुरिअरच्या ऑफिसात काम करते. एकदा बंद पडलेला प्रिंटर मी चापट मारून चालू केला, तेव्हापासून कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असा घराण्यात समज आहे. तो समज खरा करायला मी शनिवारी दुपारी आत्याकडे थडकले.

“दाखव कशी वापरतेस ते,” मी म्हटलं.

तिनं काहीतरी उघडलं. लगेच वर एक छोटी चौकट आली. या साइटला तुम्हाला सूचना पाठवायच्या आहेत. खाली दोन बटणं, ‘अनुमती द्या’ आणि ‘अवरोधित करा’. आत्यानं शांतपणे अनुमती दिली.

“अगं! का दिलीस?”

“नेहमी तेच तर दाबते.”

“नेहमी?” मी किंचाळलेच. “म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला तू घरात घेतलंयस आणि वर म्हणतेस गर्दी कुठून झाली! ते दुसरं बटण दिसत नाही?”

“दिसतं की.” आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली. “तुझ्या काकांच्या वेळी डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? आतड्यात अवरोध आहे म्हणाले. आठवडाभरात माणूस गेला. आणि मी माझ्या हातानं याला अवरोधित करू? एवढं एकच तर मला शिकवतंय.”

मला हसू फुटणार होतं, ते तिथेच विरलं. मी आवाज खाली आणला.

“आत्या, तो अवरोध वेगळा गं. यानं मशीनला काही होत नाही. हा म्हणजे नुसती दाराला कडी.”

“कडी?” आत्यानं चष्मा वर केला. “मग ‘कडी लावा’ असं लिहायला त्यांना काय धाड भरली होती?”

तिचा चेहरा असा लाल झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. ज्यानं कुणी तो शब्द तिथे घातला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर ती खुर्ची ओढून बसली. सेटिंग कुठे असतात ते मी दाखवलं. अनुमती दिलेल्यांची ही भलीमोठी रांग! मी माऊसला हात घालणार, तर तिनं माझा हात बाजूला केला.

“सरक. उसवायला मला कुणी शिकवायला नको.”

आणि तिनं एकेक उसवायला घेतलं. तेलवाला गेला, विजेते गेले. विधुरांपाशी मी म्हटलं, “हे ठेवायचे का?” तर माझ्या मांडीला चिमटा बसला. आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांचं बटण तिनं बंद केलं. पडद्याच्या माथ्यावर न मागता येऊन बसलेली एक पट्टी होती, ती काढली. जाहिराती अडवणारं एक साधन आम्ही नीट चौकशी करून बसवलं. प्रत्येक वेळी ती मोठ्यानं म्हणायची, “अवरोधित!” पुढे पुढे तर मजा येऊ लागली बाईला. म्हाताऱ्याच्या साइटवर कोपऱ्यात कात्र्यांची एक छोटी जाहिरात असते, तिच्यापाशी मात्र ती थांबली. “ही राहू दे. गप्प बसून असते बिचारी, आणि त्याचं पोट आहे तिच्यावर.” तेवढ्या एकीला तिनं अनुमती दिली.

मग तिनं बाहीचा धडा लावला. मी श्वास रोखून पडद्याकडे बघत होते, आता येईल, आता येईल. काही आलं नाही. म्हातारा शिकवत राहिला, आत्याची सुई त्याच्या मागोमाग चालत राहिली. मध्येच तिनं धडा थांबवला, मागे नेला आणि पुन्हा बघितला. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाह्या खांद्यांवर बसल्या तेव्हा ती तळहात त्यांच्यावरून फिरवत राहिली. मी मात्र टेबलावर थाप मारून ओरडले.

रविवारी दादा आला तो कॉम्प्युटर न्यायला खोकं घेऊनच. “तुला दाखवतोच काय काय येतं ते,” म्हणत बसला आणि ही साइट उघड, ती साइट उघड. सगळं गपगार. एकदा छोटी चौकट आली. त्याच्या खांद्यावरून हात घालून आत्यानं ती परस्पर अवरोधित केली.

“हे कुणी केलं?” दादानं माझ्याकडे बघितलं.

“मी नाही बाबा. मला तर हातही लावू दिला नाही.”

“ठीक आहे, पण उद्या पुन्हा भोंगा वाजला तर?”

“खिडकी बंद करीन. फोन लावणार नाही,” आत्या म्हणाली. “खोकं नंतर बघू. आधी ऊठ आणि हा घाल. डॉक्टर अंगानं तुझ्याएवढेच आहेत, मला खांदा बघायचाय.”

दादानं कुरकुरत कोट चढवला. मग त्याची कुरकुर थांबली. लहानपण त्याचं कोटांखाली बसून गेलेलं, त्याला खांदा कळतो. त्यानं हात वर केले, खाली केले, पुढे नेले. कापड त्याच्याबरोबर गेलं आणि परत आलं, कुठे चुणी नाही. आरशासमोर उभा राहून त्यानं खांद्यावर बोटं फिरवली आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

“आई, हा बाबांचा ना? अजून जपून ठेवलायस?”

मी ओठ चावून गप्प राहिले. हे बोलायचा मान माझा नव्हता.

“माझा आहे,” आत्या म्हणाली. “कापला मी, शिवला मी, बाह्या मी चढवल्या.”

आत्यानं पुढे होऊन दादाच्या अंगावरून कोट अलगद उतरवला आणि झटकून हँगरला लावला.

“आणि ते खोकं नेऊ नकोस,” ती म्हणाली. “मला अस्तराचे तुकडे ठेवायला पाहिजे.”