सायराच्या उशाचा गोटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, ज्या मित्रांबरोबर तो खेळ खेळायचो त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. एकाने कुठेतरी डबा लपवायचा, जागेच्या अक्षांश-रेखांशांचे आकडे नेटवर टाकायचे. बाकीच्यांनी मोबाईल हातात धरून शोधत यायचं आणि डब्यातल्या वहीत नाव लिहून जायचं. पुण्यात असताना मला त्याचं वेड लागलं. घरून काम सुरू झालं तसा मी खामगावजवळच्या आमच्या गावी परतलो, वेडासकट. डब्यासाठी मी गावचं जुनं कब्रस्तान निवडलं. तिथे कोरीव दगडांच्या कबरी आहेत, कुणाच्या ते कुणालाच ठाऊक नाही. लोक बघायला येतील, गावाचं नाव होईल, असं मी म्हणत होतो. नाव मला माझं हवं होतं.

लिंबाच्या मुळांत डबा ठेवला. झाकायला काहीतरी हवं होतं. पडक्या भिंतीच्या खिंडारापाशी एक चपटा काळा गोटा दिसला — उचलला. खाली नुसती सपाट माती होती. पण मी याच गावचा ना? गरिबाच्या कबरीवर नाव नसतं, मातीचा उंचवटा चार पावसाळ्यांत बसतो आणि उशाशी ठेवलेला गोटा हीच काय ती खूण उरते — हे मला ठाऊक नव्हतं? त्या क्षणी आठवलं नाही म्हणू? की आठवलं, पण गोटा अगदी मापाचा होता?

ईदच्या सकाळी तिकडे गेलो, तर युसूफचाचा लिंबाखाली बसलेले. पिंजारी माणूस, आमच्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांनी भरलेल्या. त्यांची सायरा नऊ वर्षांची असताना तापाने गेली. चाचांना मोतीबिंदूमुळे दिसायचं कमी. माझ्या डब्यावरचा गोटा त्यांनी हाताने चाचपून ओळखला होता, पुढे गुलाब ठेवले होते. मला जवळ बोलावलं.

“बाबू, तू त इकडं येत राह्यतं. मले वाटे माही पोरगी भिंतीजवळ हाय. हा गोटा कोनं हालवला त नाही?”

नुसतं ‘हो, मी हलवला’ म्हणायचं होतं. हात धरून भिंतीपाशी बारा पावलं न्यायचं होतं. मी म्हणालो, “नाही चाचा. इथंच होता.”

म्हातारपणी ध्यानात राहत नाही, असं काहीसं म्हणून ते हसले. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

डबा मी त्याच आठवड्यात काढून आणला. गोटा तिथेच राहू दिला. परत नेला असता तर गावाने विचारलं असतं — आणि मी भित्रा माणूस आहे. पुढे तीन वर्षं प्रत्येक ईदला ते लिंबाखाली बसत राहिले. मी लांबून बघायचो.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मुलांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, मले सायराच्या बाजूले ठेवा. मुलांनी लिंबाखाली, गोट्याला लागून कबर खोदली. मी शेजारी उभा होतो. तेव्हाही वेळ होती — होती ना? मग सगळ्यांसारखी मीही तीन मुठी माती टाकली.

आणखी एक सांगायचं राहिलं. जनाजा त्या खिंडारातूनच आत आला. मीही खांदा दिला होता. चाचांना घेऊन आम्ही सगळे सायराच्या अंगावरून चालत गेलो, आणि ते त्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं.