मारिसोलची ओवी

मारिसोल मका दळता दळता कविता करायची. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या तिच्या फ्लॅटमध्ये ओट्याच्या कडेला हाताने फिरवायचं एक दळायचं यंत्र घट्ट बसवलेलं होतं, कोलंबियाहून आणलेलं, तिच्या आईने दिलेलं. उकडलेला मका वरून घालायचा, दांडा फिरवायचा आणि मोठ्याने एकेक ओळ म्हणायची. ओळ जमली की पिठाच्याच हाताने फोनवर लिहून ठेवायची. "शबाना, पीठ आणि कविता ठेवून दिल्या की आंबतात," हे मला ऐकवायचं तिचं ठरलेलं वाक्य.

ती शेजारी राहायला आली तेव्हा मी तिला लेबनीज समजले, वॉचमनला ती फिलिपिनो वाटली आणि ग्रोसरीवाला तर थेट मल्याळममध्ये सुरू झाला. तिला याची भारी मजा वाटायची. "सगळ्यांना मी आपली वाटते," ती म्हणायची, "फक्त माझ्या पोरीला नाही." तिची अकरा वर्षांची लुसिया इथेच जन्मलेली. आई स्पॅनिशमध्ये बोलली की ही म्हणणार, "ममा, इंग्लिश प्लीज." मारिसोलचं तोंड एवढंसं व्हायचं. "माझ्याच किचनमध्ये माझी मुलगी टुरिस्ट आहे, हबीबी."

एकदा मी तिला दापोलीच्या माझ्या मावशीबद्दल सांगितलं. मावशी जात्यावर ओव्या म्हणायची आणि त्यांत आपल्या मुलांची नावं गुंफायची. झालं, बाईच्या अंगात वारं संचारलं. "तुमच्याकडेपण? दळताना? नाव घालून?" असं म्हणत तिने पिठाच्या हातांनी मला गरागरा फिरवलं. त्या दिवसापासून तिचं प्रत्येक कडवं लुसियाच्या नावाने संपू लागलं. लिफ्टपर्यंत ते ऐकू जायचं. लुसियाच्या मैत्रिणी हसल्या आणि पोरीने बजावलं, "डोन्ट यूज माय नेम." कधी कुणाचं न ऐकणाऱ्या मारिसोलने इथे मात्र नाव घ्यायचं बंद केलं.

पुढे बिल्डिंगच्या हॉलमध्ये बायकांनी कवितेची संध्याकाळ ठरवली. आम्ही दोघींनी ते यंत्र उचलून नेलं आणि टेबलाला बसवलं. लुसिया हेडफोन लावून सर्वांत मागे बसली होती. मारिसोल म्हणू लागली. कडव्याच्या शेवटी, नाव यायचं तिथे, ती गप्प राहिली आणि तिने दांडा नुसताच एकदा फिरवला. दुसऱ्या कडव्यालाही तेच. मला स्पॅनिश येत नाही, पण ती जागा कुणाची आहे हे मला ठाऊक होतं. मीच ओरडून नाव सांगावं असं वाटत होतं.

तिसऱ्या कडव्याला मागून आवाज आला, "लुसिया."

पोरीचे हेडफोन गळ्यात आले होते. मारिसोलचा हात क्षणभर थांबला. मग ती "यल्ला, चल पुढे" म्हणाली आणि दांडा पुन्हा फिरू लागला. चौथ्या कडव्याला तर पोरीने आईची ओळ संपायच्या आधीच नाव घेतलं. मारिसोलने तिला दळता दळताच स्पॅनिशमध्ये काहीतरी दटावलं. लुसियाने तिथूनच उलट उत्तर दिलं, स्पॅनिशमध्ये.

ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. पण मारिसोल इतकी हसली की सगळा मका टेबलावर सांडला.