मामांचा रंगांवर भरवसा

आमच्या हिच्या पालीच्या मामांइतका रंगांवर भरवसा ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मला कळलं ते एका पेल्यामुळे. गेल्या मे महिन्यात भर उन्हातून त्यांच्या पडवीत शिरलो, समोर लालभडक पेला दिसला आणि कोकम सरबत समजून मी तो घटाघटा रिकामा केला. निघालं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रातांब्यांचा नुसता घट्ट रस. जन्म कोकणात काढलेल्या माणसाला एवढं कळू नये! माझे डोळे पांढरे झाले, पण मामांना काळजी पेल्याची. "अहो जावई, मामीचं होतं ते! पाण्यात मिसळायचं होतं अजून!"

मामींना विसर पडू लागला आणि मामांनी मोबाइलवर कुठंसं वाचलं, की फळापानांच्या गडद रंगात अँटिऑक्सिडंट असतात, ती मेंदूला जपतात. हा शब्द ते ग्रामदेवतेच्या नावासारखा, जवळजवळ चपला काढून उच्चारतात. तेव्हापासून घरात करवंदं, जांभळं, हळद, लाल माठ. फ्लॉवर हद्दपार. सोलकढीत नारळाचं दूध पडलं की ते आमच्या हिच्यावर करवादतात, "रंग मारलास गो सगळा!" दारात आलेल्याची परीक्षाही ठरलेली, "काल रात्री काय जेवलात?" मी दर वेळी नापास. "बघा! वायच जांभळं घ्या." डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की खायला हरकत नाही, पण यानं गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. मामा म्हणाले, "परत कोण मागतंय? आहे तेवढं राहू दे."

रोज सकाळी चहा देताना ते मामींना विचारतात, "मी कोण?" "वेडे झालात का?" म्हणून मामी हसतात, मग मामांचा दिवस सुरू होतो. हल्ली ते हसू यायला उशीर लागतो. तेवढा वेळ मामा कपबशी धरून उभे असतात.

त्या आगळाच्या दुपारी मला आणि हिला आग्रह करकरून वाढल्यावर मामा स्वतः पाटावर बसले. मामी भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि थबकल्या. "तुम्ही कुणाकडचे?"

मामांनी आमच्याकडे पाहिलं नाही. "इथलाच. रातांबे उतरवायला आलोय."

"मग जेवूनच जा हो. पण जरा दम धरा. आमचे हे येतीलच, दोघांना एकदमच वाढते." पातेलं झाकून त्या दाराशी वाट बघत उभ्या राहिल्या.

"थांबतो की," मामा म्हणाले. आम्ही निघालो तेव्हा ते रिकाम्या ताटासमोर तसेच बसले होते.

गाडीनं हातखंब्याचा फाटा ओलांडला. मग ही म्हणाली, "अहो, मामा जेवला असेल का?"