मोंढ्याचे भाव आणि माझ्या कॉमेंट

पत्रक लिहिताना वडिलांचा एकच आग्रह असायचा: वाचणाऱ्याला पुन्हा कुणाला विचारायला जावं लागू नये. सभा कुठे, किती वाजता, कशासाठी, सगळं त्यातच. तीच सवय घेऊन मी जालन्यातल्या एका कॉम्प्युटर सेंटरवर वेबसाइट बनवायच्या कामाला लागले.

मोंढ्यातल्या, म्हणजे शेतमालाच्या बाजारातल्या, एका आडत दुकानासाठी रोजच्या भावाचं पान करायचं होतं. तिथले मुनीम म्हणाले, "ताई, दुकानात कॉम्प्युटर आहे, भाव मलाच बदलता यावा बघा. रोज सकाळी तुमच्या दारात कुठं येऊ?"

म्हणून मी कोडमध्ये जागोजागी कॉमेंट लिहिल्या. दोन खुणांच्या मधला हा मजकूर पानावर दिसत नाही. तो कोड उघडणाऱ्या माणसासाठी असतो. भाषा मराठीच, अक्षरं इंग्रजी: इथे कापसाचा भाव, फक्त आकडा बदला, बाकी कशाला हात लावू नका.

सेंटरच्या सरांनी ते पाहिलं. "मॅडम, कोड लिहून राह्यल्या का पत्रक? समदं सांगून ठिवल्यावर गिऱ्हाईक वापस कशाला येईल?"

"येऊ नये म्हणूनच लिहिलंय, सर."

"मंग सेंटरला कुलूप लावू?"

त्यांनी स्वतः बसून कॉमेंट पुसल्या. घाईत एकीची शेवटची खूण गेली आणि सुरुवातीची राहिली. दुसऱ्या दिवशी मुनीम हजर.

"सर, तूर, सोयाबीन बिलकुल गायब! कापसाच्या खाली निस्तं कोरं."

"ह्यांच्या कॉमेंटनं खाल्लं," सरांनी माझ्याकडे बोट केलं.

मी कोड उघडून ती एकटी उरलेली खूण दाखवली. तिच्यापुढचं सगळं संगणकाने कॉमेंट समजून झाकलं होतं. सर म्हणाले, "काढा ती. कॉमेंट मात्र परत टाकू नका. मुनीमजी, भाव बदलायचा असला की फोन करा, आम्ही हाव ना."

फोन! सेंटरला फोन एकच, आणि तेव्हा इंटरनेट त्याच्याच लाइनवर चालायचं. मुनीम डायल करून करून थकायचे, लाइन कायम एंगेज.

शेवटी ते गिऱ्हाइकांची गर्दी सोडून रोज जिना चढून यायला लागले. मी आकडा बदलायची, काम संपायचं. त्यांचं ते, त्यांना येण्यासारखं काम. सर त्यांना आग्रहाने चहा पाजायचे आणि ते उलट सरांचेच आभार मानायचे. त्या चहाचा मला अजून राग येतो.