प्रास्ताविक करणाऱ्याने चित्रपट पाहिलेला नसावा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत एक चित्रपट मंडळ आहे. ज्या हॉलमध्ये एरवी योगासनं आणि बारशी होतात, तिथे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी पडदा लावून सिनेमा दाखवतात. पण पुण्यात नुसता सिनेमा दाखवता येत नाही. आधी दीपप्रज्वलन, मग अध्यक्षांचं मनोगत, मग प्रास्ताविक, आणि त्यानंतर प्रेक्षक शुद्धीवर असतील तर सिनेमा.

या मंडळाचा एक नियम आहे. प्रास्ताविक करणाऱ्याने तो सिनेमा पाहिलेला नसावा. नियमाला इतिहास आहे. एका रहस्यपटाची ओळख करून देताना एका निवृत्त प्राध्यापकांनी छायाप्रकाशाचा ऊहापोह करता करता खुनी कोण तेही सांगून टाकलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "चला, घरी जाऊन पोहे तरी करू." त्यानंतर कार्यकारिणीने ठराव केला. ज्याला काही माहीतच नाही, तो फोडणार काय? ठरावात तर्क आहे. इथल्या बहुतेक विक्षिप्त गोष्टींत तो असतोच.

माझे वडील आयुष्यभर विम्याचे दावे तपासत होते आणि उरलेल्या वेळात गुप्तहेरांच्या कादंबऱ्या वाचत होते. "फरक एवढाच, की कादंबरीत शेवटी खरं काय ते कळतं," असं ते म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. सौम्य हा शब्द डॉक्टरांचा. हात सुधारला, पाय सुधारला. ओठांचा डावा कोपरा मात्र किंचित खाली ओघळलेला राहिला, आणि शब्द शहरातल्या बससारखे येऊ लागले: बराच वेळ एकही नाही, मग दोन एकदम. ज्या माणसाने एका वाक्यात भल्याभल्यांना गप्प केलं होतं, तो आता फोन वाजला की आईच्या हातात द्यायचा. कोणी काही विचारलं की नुसतं "हो" म्हणायचा. "हो" म्हणणारे बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते.

अशात मंडळाचे चिटणीस घरी आले. सरळ, नियमनिष्ठ गृहस्थ. लिफ्टमध्ये एकटे असले तरी रांगेत उभे असल्यासारखे दिसतात.

"या महिन्यात डिटेक्टिव्ह पिक्चर आहे. आपल्या इमारतीत त्यातलं कळणारे तुम्हीच. प्रास्ताविक तुम्ही करायचं."

"अहो, त्यांना बोलायला त्रास होतो अजून," आई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "कोणता... पिक्चर?"

"ते सांगता येत नाही. नियम! एवढंच सांगतो, बर्फात अडकलेला बंगला, जमलेले पाहुणे, एक खून, मिशीवाला गुप्तहेर."

बाबांचा चेहरा उजळला. "करतो," ते म्हणाले. हा शब्द मात्र वेळेवर आला.

चिटणीस गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, नाही म्हणा. मी कळवते."

"नाही म्हणायचं तर... तेही बोलावंच लागतं." मग चष्मा पुसत, एकेक शब्द शोधत ते म्हणाले, "हे जमलं तर जमलं. नाही तर... पुन्हा चारचौघांत तोंड उघडणार नाही."

ही धमकी असती तर मी मनावर घेतली नसती. पण या माणसाने एकदा चहातली साखर सोडली ती सोडलीच, आणि एका मेहुण्याशी बोलणं सोडलं तेही सोडलंच. आपण काय पणाला लावतो आहोत, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मलाही.

त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांसमोर सराव सुरू केला. "कुंड्या टाळ्या वाजवत नाहीत," आई म्हणाली, "पण उठूनही जात नाहीत. बरं आहे."

त्या रविवारी मी पहिल्या रांगेत कडेची खुर्ची धरली. पर्समध्ये पाण्याची बाटली होती आणि डोक्यात एक सबब: वेळ आलीच तर फोन आल्याचं नाटक करून त्यांना बाहेर न्यायचं. अध्यक्षांनी मनोगतात रहस्यकथेची नाळ थेट उपनिषदांतल्या प्रश्नोत्तरांशी जोडली. ती तुटेपर्यंत बराच वेळ गेला. मग बाबा उठले.

ते कोट घालून आले होते. माइक दोन्ही हातांनी धरला होता.

"थोर गुप्तहेर," ते म्हणाले, आणि थांबले. इतके थांबले की माझा हात पर्सकडे गेला. "घाई करत नाही." पुन्हा थांबले. "तो हातमोजे काढतो, तेव्हाही... तो विचार करत असतो. तो घड्याळाकडे पाहतो, त्याला... कारण असतं. आणि शेवटी तो सर्वांना दिवाणखान्यात बसवतो. तेव्हा त्याचा एकही शब्द... वाया जात नाही. लक्ष देऊन ऐका."

एवढंच. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. बाबा येऊन बसले आणि त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी बाटली दिली. पार पडलं, असं मला वाटलं. दिवे मालवले.

पडद्यावर बर्फ, बंगला, झुंबर. दारात गुप्तहेर आला. पोलिसांनी प्रेताकडे बोट दाखवलं. गुप्तहेराने हात वर करून त्यांना थांबवलं आणि हातमोजे काढायला सुरुवात केली. एकेक बोट. सावकाश. विचारमग्न. त्याच्या पाठीमागे कोणीतरी पडद्याआडून आलं, दुसऱ्या एका पाहुण्याचा खून केला आणि निघून गेलं. गुप्तहेर करंगळीपर्यंत पोहोचला होता.

हॉलमध्ये हशा फुटला. मी मात्र खुर्चीत ताठ बसले. हा रहस्यपट नव्हता. रहस्यपटांची यथासांग टिंगल करणारा सिनेमा होता, आणि बाबांनी नुकतीच अत्यंत गंभीरपणे त्याची तारीफ केली होती.

मी मागे वळून चिटणिसांना हळूच विचारलं, "हा विनोदी आहे?"

"अर्थात!"

"मग बाबांना सांगायचं नाही का?"

"अहो, विनोदी आहे हे सांगितलं असतं तर रहस्यच फुटलं असतं," ते म्हणाले. आवाजात दुखावल्याची छटा होती.

तेवढ्यात गुप्तहेराने घड्याळाकडे पाहिलं. सगळे पाहुणे श्वास रोखून उभे. "माझी गाडी चुकणार," तो म्हणाला. लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात. मागून एक काका ओरडले, "त्याला कारण असतं!" आणि पुन्हा हशा उसळला. आता ते सिनेमाला हसत होते की बाबांना, हे मला सांगता येईना.

मी बाबांकडे पाहिलं. पडद्याच्या उजेडात मला त्यांची डावी बाजू दिसत होती, तो ओघळलेला कोपरा. इतक्या वर्षांत हा चेहरा मी वर्तमानपत्रासारखा वाचला होता, पण आजारपणानंतर त्यातली निम्मी पानं कोरी होती. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, संपलं. हे रडतायत. मी फोन काढला, उठणार इतक्यात आईने पलीकडून माझा दंड धरला.

"बस खाली. हसतायत ते."

मी पुढे वाकून पाहिलं. उजवी बाजू कानापर्यंत हसत होती. डावी तिच्या मागून, जमेल तशी येत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग आवाजही फुटला, तो जुना, घोरण्यासारखा, ज्याला आई लग्नापासून नावं ठेवत आली आहे.

शेवटचा प्रसंग अर्थातच दिवाणखान्यातला. गुप्तहेर बोलू लागला. तो इतका बोलला की बाहेरचा बर्फ वितळला, पोलिसांची जास्तीची कुमक आली, चहा पिऊन गेली. मध्ये खुनी दोनदा उभा राहून "मीच केला हो" म्हणाला, तर सगळ्यांनी त्याला दटावलं: मध्येच बोलू नका. सर्वांना एका खोलीत बसवून एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी सुटकेची वाट पाहायची, ही पद्धत आम्हाला मुळीच परकी वाटली नाही. कित्येक माना एकाच वेळी अध्यक्षांकडे वळल्या. अध्यक्ष सर्वांत मोठ्याने हसत होते. त्यांना काही लागलं नव्हतं. अशी माणसं दीर्घायुषी असतात.

दिवे लागले आणि लोक बाबांभोवती गोळा झाले.

"काय हो, काय चेहरा ठेवलात! जरा म्हणून हसला नाहीत!"

"आणि ते थांबणं! 'थोर गुप्तहेर...' आणि गप्प! मला वाटलं विसरले की काय."

"हातमोज्यांचं कळलं कसं तुम्हाला? पिक्चर आधी पाहिलात, खरं सांगा. नियमभंग आहे हा!" हे चिटणीस. त्यांना मनापासून काळजी लागली होती.

बाबांनी सगळ्यांकडे सावकाश पाहिलं. या वेळी मदतीला जायचा माझा विचारही नव्हता.

"पुराव्याअभावी," ते म्हणाले, आणि थांबले. ते थांबणं आजाराचं होतं की त्यांचं स्वतःचं, ते मला आजही ठाऊक नाही. "आरोप... अमान्य."

हॉलमध्ये त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा झाला.

हॉलपासून आमच्या जिन्यापर्यंत आम्ही तिघं रमतगमत चालत आलो. आई म्हणाली, "तुम्ही ते सगळं खरंच मनापासून बोलला होतात ना? पिक्चर विनोदी आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं."

"मग सांगायचं की लोकांना."

"नियम आहे," बाबा म्हणाले. "रहस्य फोडायचं नाही."

मग पहिल्या मजल्यापर्यंत ते त्या सिनेमाबद्दल बोलत राहिले. अडखळत, शब्द शोधत, मध्येच चुकीचा शब्द उचलून परत ठेवत. पण थांबले नाहीत. ज्या दिग्दर्शकाला गुप्तहेरांचा इतका राग आहे, त्याने त्या कादंबऱ्या नक्कीच प्रेमाने वाचल्या असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. एरवी हातमोज्यांपर्यंत कोण लक्ष देतं? मी वाद घातला नाही. वाद घालायला पुष्कळ दिवस होते, हे मला तेव्हा जिन्यात एकदम जाणवलं, आणि पर्समधली ती अर्धी बाटली मी तिथेच उभी राहून पिऊन टाकली.

पुढच्या आठवड्यात लँडलाइन वाजला. बाबा जवळ होते. त्यांनी तो आईला दिला नाही. पलीकडे चिटणीस होते. पुढच्या महिन्यात पुन्हा बंगला, पुन्हा खून, आणि प्रास्ताविक तुम्हीच.

मी खुणेने विचारलं, गंभीर आहे की विनोदी, विचारू का?

त्यांनी फोनवर हात ठेवला. "मुळीच... विचारू नकोस," ते म्हणाले, आणि चिटणिसांना होकार दिला.